मी घुमी नव्हते

जून महिना आला की प्रवेशाच्या खिडकीपाशी एक वाक्य मला दरवर्षी ऐकू येते. मुलीबरोबर आलेली आई किंवा वडील, कोणी काही विचारलेले नसतानाही सांगून टाकतात, "मॅडम, ही फार घुमी आहे, बोलतच नाही." दुसरे कोणी म्हणते, "ह्याचे गणित पहिल्यापासून कच्चे आहे, जरा लक्ष असू द्या." मूल शेजारीच उभे असते आणि मान डोलावते. सतरा-अठराव्या वर्षी प्रत्येकाजवळ स्वतःबद्दलची अशी चार-सहा वाक्ये तयार असतात. ती त्याने स्वतः कधी पारखून पाहिलेली नसतात. घरातून, शाळेतून, पाहुण्यारावळ्यांच्या बोलण्यातून ती त्याच्या पदरात पडलेली असतात. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी गेली अठरा वर्षे वाणिज्य शिकवते आणि त्याआधी याच शहरात शिकले. महाविद्यालयाने काय दिले हे मोजताना आपण पदवी, टक्के आणि नोकरी एवढेच पाहतो. ज्याला आपण आपला स्वभाव समजत आलो, त्यातले आपले किती आणि आपल्या परिस्थितीचे किती, हे वेगळे करून पाहायला मिळणे ही माझ्या मते त्या तीन वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी शहराच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि भिंतीपलीकडच्या घरात कन्नड, अशा तीन भाषांत वाढले. वडील यंत्रमागावर होते, अम्मा विड्या वळायची. घराला लागूनच मागांचा खडखडाट असला की माणसे एक तर मोठ्याने बोलतात किंवा खुणेने भागवतात. आमच्याकडे खुणाच जास्त चालत. चौथीपर्यंत तेलुगू माध्यमात आणि पुढे मराठीत शिकून मी १९९८ मध्ये बी. कॉम.ला प्रवेश घेतला. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४ मध्ये. आमच्या वेळी येथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि गुणपत्रिकेतली साधी चूक दुरुस्त करून घ्यायची असली तरी रात्रीची एस.टी. धरावी लागे. आमच्या घरातून त्या गाडीत बसलेली पहिली व्यक्ती मी.

वर्गात मी बोलत नसे. तेलुगूत वही, शाई, दार यांना मराठीसारखे वेगवेगळे लिंग नसते, त्यामुळे माझ्या तोंडून 'तो वही', 'ते शाई' असे निघून जाई आणि मागच्या बाकांवर हसू फुटे. पहिल्या महिन्यात असे दोन-तीनदा झाले आणि मग मी गप्प बसणेच पसंत केले. वर्षभरात सगळ्यांनी मला घुमी ठरवले आणि मीही ते मान्य केले. मला ते दुःखाचेही वाटत नव्हते. काही माणसे बोलकी असतात, काही अबोल असतात, आपण दुसऱ्या प्रकारातले, अशी माझी समजूत झाली होती.

दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात होते. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुरू झालेल्या या योजनेकडे आज अनेक विद्यार्थी केवळ प्रमाणपत्रासाठी पाहतात, पण मला तिचे ऋण शब्दांत सांगता येणार नाही. गावात घरोघर जाऊन शौचालय, पाणी आणि मुलींची शाळा यांबद्दल माहिती लिहून आणायची होती. आमच्या गटात वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवलेली दोन मुले होती. पहिल्याच घरी एका आजींनी त्यांचे अस्खलित मराठी शांतपणे ऐकून घेतले आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारले. दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. मी शेजारणींकडून शिकलेल्या मोडक्या कन्नडमध्ये उत्तर दिले. आजींनी मला उंबऱ्यावर बसवून घेतले, कुठली, कोणाची, लग्न झाले का, हे सगळे विचारले आणि मग माझ्या प्रश्नांची उत्तरे दिली. त्या सात दिवसांत सगळ्या घरांत मीच बोलले. एका घरी मुलीची शाळा सातवीनंतर बंद केली होती, तिथे मी तिच्या वडिलांशी अर्धा तास वाद घातला. आपण वाद घालू शकतो हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

परत आल्यावर मी लगेच बदलले असे मुळीच झाले नाही. वर्गात पुन्हा तशीच गप्प बसू लागले. फरक एवढाच पडला की आता मला त्या गप्प राहण्याचे कारण माहीत झाले होते. मला बोलण्याची भीती नव्हती, चुकीच्या लिंगाची भीती होती. आणि लिंग पाठ करता येते. मी वहीच्या मागच्या पानांवर नामांच्या याद्या केल्या, रोज दहा शब्द. तिसऱ्या वर्षी परिसंवादात वीस मिनिटे बोलले. त्यातही दोन चुका झाल्याच, आणि कोणीतरी हसलेही, पण मी थांबले नाही.

महाविद्यालयाने दाखवलेले सगळेच काही सुखाचे नव्हते. पहिल्या वर्षीच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता आणि मी त्यात 'गृहिणी' असे लिहिले. अम्मा रोज मांडीवर सूप घेऊन, भिजवलेली तेंदूची पाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून जवळजवळ हजार विड्या वळत होती, आणि माझ्या फीचा मोठा भाग त्यातूनच येत होता. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आहे. ओळखपत्र असलेल्या कामगारांच्या मुलांना त्या कल्याण योजनांतून शिष्यवृत्ती मिळत असे. मी अर्ज केला नाही, कारण तो करायचा तर अम्माचे ओळखपत्र कार्यालयात सगळ्यांसमोर द्यावे लागले असते. एका वर्षाची शिष्यवृत्ती मी लाजेपायी घालवली. पुढच्या वर्षी मी तिला ते सांगितले, तेव्हा ती रागावली नाही. तिने ट्रंकेतून ओळखपत्र काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बिड्डा, हे हरवू नकोस, दुसरे काढायला फार दिवस लागतात." स्वतःच्या आईचे काम लपवणारी मुलगी मीच होते, हे मला तिथे कळले. परिस्थितीवर ढकलता येऊ नये असा तो माझा स्वतःचा दोष होता, आणि तो ओळखल्याशिवाय मी पुढे कोणाला काही शिकवण्याच्या लायकीची झाले नसते.

उलट, जे मी माझे जन्मजात कौशल्य समजत होते ते अम्माचे निघाले. हिशेबात माझी बेरीज चुकत नसे आणि ताळेबंद जुळला नाही तर मला झोप येत नसे. लहानपणापासून संध्याकाळी विड्यांच्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मोजण्याचे काम माझ्याकडे होते. एक जरी कमी निघाली तरी कारखान्यात त्याचे पैसे कापले जात. ताळेबंदाची शिस्त मला त्या सुपाने लावली, पुस्तकात तिचे नाव नंतर सापडले.

आता मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षी एक पान लिहून घेते: मला काय जमत नाही. ती पाने मी जपून ठेवते आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ज्याची त्याला परत करते. मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाने लिहिले होते की, "मला वेळ पाळता येत नाही, मी आळशी आहे." मी चौकशी केली, तेव्हा त्याच्या गावाहून येणारी सकाळची पहिली गाडीच पहिला तास सुरू झाल्यानंतर स्थानकात पोहोचत होती. शाळेपासून तो उशिराचा शिक्का घेऊन आला होता आणि तो शिक्का त्याने स्वतःचा स्वभाव म्हणून स्वीकारला होता. शहरात मित्राच्या खोलीवर राहायला आल्यावर तो सगळ्यांच्या आधी येऊ लागला. त्याच वर्गात याच्या अगदी उलट एक मुलगा होता: दहावी-बारावीत उत्तम गुण, घरी वडील पहाटे पाचला उठवणारे. वसतिगृहात उठवणारे कोणी नव्हते, आणि दोन सत्रांत त्याचे तीन विषय राहिले. "मी मेहनती आहे असे मला वाटत होते, मॅडम, ते बाबा होते," असे तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ए.टी.के.टी.ची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची, लाज आपण मुलांना भरपूर देतो, पण त्या मुलाइतके खरे वाक्य मी गुणवत्ता यादीतल्या कोणाकडून ऐकलेले नाही. विषय त्याने पुढे सोडवले, स्वतः घड्याळ लावून.

म्हणूनच ओस पडलेले वर्ग पाहून मला मनापासून वाईट वाटते. नाव महाविद्यालयात आणि मुक्काम अभ्यासिकेत, परीक्षेपुरते दर्शन, ही पद्धत आता रूढ झाली आहे. जे संध्याकाळी कारखान्यात किंवा दिवसभर दुकानात काम करून शिकतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यासमोर मी नतमस्तक आहे. पण ज्यांना येणे शक्य आहे आणि जे येत नाहीत, ते व्याख्यानाहून मोठी गोष्ट गमावतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळू लागले आहेत. माझ्या अक्कलकोटच्या उंबऱ्यासारखे उंबरे त्यातून अनेकांना मिळू शकतात. मात्र दुसऱ्याचा अहवाल उतरवून त्यावर सही घेतली, तर श्रेयांक मिळतील आणि विद्यार्थी जिथल्या तिथे राहील. अशी सही मागायला आलेल्या विद्यार्थ्यांना मी परत पाठवते आणि पाठवत राहीन.

माणूस कुठेही शिकतो, त्यासाठी महाविद्यालय कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. कामावरही माणूस स्वतःला ओळखतो, हे खरे आहे. पण मागावर चूक झाली तर कापड खराब होते आणि मजुरी कापली जाते. तिथे जे येते तेच करावे लागते, जे येत नाही ते करून पाहण्याची मुभा नसते. महाविद्यालयात परिसंवादात चुकले म्हणून आमच्या घरची चूल बंद पडली नाही. चूक एवढी स्वस्त असण्याची तीन वर्षे मला मिळाली, ती माझ्या अन्नाला, म्हणजे थोरल्या भावाला, मिळाली नाहीत. सोळाव्या वर्षी तो मागावर गेला, आणि तो गेला म्हणून मी महाविद्यालयात गेले. आज तो जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, आहे. माग न उघडता, नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगतो. "माझे डोके अभ्यासाचे नव्हतेच," असे तो आजही म्हणतो. ते डोके अभ्यासाला लावून पाहण्याची संधी त्याला कोणी दिलीच नव्हती, हे मी त्याला कधी सांगू शकले नाही.

यंदा त्याची मुलगी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात मी तिला घसारा शिकवत होते: यंत्राची किंमत, त्याचे आयुष्य आणि दरवर्षी कमी होत जाणारा आकडा. अन्ना जेवून शेजारी बसला होता. त्याने तेलुगूत विचारले, "माग सहा महिने बंद ठेवला, तरी घसारा लागतो का?" मी सांगितले की एका पद्धतीत तो वर्षांवर मोजतात, तेव्हा लागतो, दुसरीत उत्पादनावर मोजतात, तेव्हा लागत नाही. त्याने क्षणभर विचार करून पुन्हा विचारले, "मग जो दोन पाळ्या चालतो, त्याचे आयुष्य कागदावर तेवढेच कसे धरायचे?" पुतणीने तो प्रश्न वहीच्या समासात लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी तिच्या सरांना विचारण्यासाठी. आणि अन्नाने तिच्या हातातून वही घेऊन आधीची पाने उलटून पाहायला सुरुवात केली.