चहा संपायच्या आत चोर ठरला

आज पानठेल्यावर एका पोट्ट्याचा निकाल लागला. कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरीची केबल रात्री कापून नेली आणि इकडे चहा संपायच्या आत चोर ठरला. "त्याचंच काम हाय न बाप्पा, दुसरं कोन असंन!" झालं. सगळ्या माना हलल्या.

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. सिडनी लुमेटचा 1957 चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा सिनेमा पाहा रे. हिंदीच हवा तर बासु चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', 1986 चा. बापाला मारल्याचा आळ असलेलं पोरगं, ज्यूरीचे, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारे साधे नागरिक, बारा जण, एक खोली. पहिलं मतदान: 11 म्हणतात दोषी, 1 म्हणतो नाही.

"एका खोलीत काय पाहायचं?" म्हणणाऱ्यांनी भिंतींकडे पाहावं. सिनेमाचे तीन हिस्से केले तर पहिल्यात कॅमेरा डोळ्यांच्या वर, दुसऱ्यात डोळ्यांच्या रेषेत, तिसऱ्यात खाली. म्हणून शेवटाकडे छत दिसू लागतं. लेन्सही बदलत जातात, आधी 28 ते 40 मिलिमीटर, मग 50, 75, 100. आकडा वाढला की लेन्स लांब, आणि लांब लेन्सनं मागची भिंत पाठीला येऊन चिकटते. खोली तेवढीच, जीव मात्र घुसमटतो. शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर आलं की सगळ्यात रुंद लेन्स! आणि तो पंखा. बंद आहे म्हणून सगळे घाम पुसत बसतात, अंधारून आल्यावर दिवे लावतात तर तोही फिरू लागतो. बटण एकच होतं, कोणी तपासलंच नव्हतं.

पानठेल्यावर तरी काय तपासलं?

मला सगळ्यात आवडतो तो म्हाताऱ्या साक्षीदाराचा प्रसंग. पाय ओढत चालणारा माणूस, आणि म्हणे 15 सेकंदांत पलंगावरून उठून दार गाठलं, पोराला पळताना पाहिलं. आठ नंबरचा ज्यूरर, म्हणजे हेन्री फोंडा, खुर्च्या मांडतो, पावलांनी अंतर मोजतो, तसंच पाय ओढत चालून दाखवतो. घड्याळात 41 सेकंद. किती शांतपणे करतो हो तो माणूस हे!

बरं, ज्यूररनं स्वतः खुनातल्यासारखाच चाकू विकत आणून टेबलात रोवायचा, हे खऱ्या कोर्टात चालणार नाही. मान्य. सोडा ते.

केबलचंही मोजता आलं असतं की. मोटरीची थ्री फेज लाईट रात्री कितीला आली, शेजारच्या वावरात ओलीत कोण करत होतं, मोटरीचा आवाज कधी बंद पडला. बारापर्यंत मोटर पाणी फेकत होती, तर तोवर केबल जाग्यावर होती. मग बारानंतर ते पोट्टं कुठं होतं, एवढंच विचारायचं उरतं. लाईनमन तिथंच उभा होता, खर्रा घोटत. त्याला कोणी विचारलं नाही.