‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे संधिवात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवरून आला. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “सांधे दुखतात? डॉक्टरकडे चकरा नकोत. आरए फॅक्टर आणि एएनए करून घ्या. आरए पॉझिटिव्ह म्हणजे संधिवात, निगेटिव्ह म्हणजे निश्चिंत राहा. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस. आंतरराष्ट्रीय निकष हेच सांगतात. दर तीन महिन्यांनी तपासा, निगेटिव्ह आलं की गोळ्या बंद.”

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आरए फॅक्टर आणि एएनए या रक्तातली ठरावीक प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधणाऱ्या तपासण्या माझ्या लॅबमध्ये रोज होतात आणि रिपोर्टवर सही माझी असते. म्हणून हे लिहिते आहे.

“आरए पॉझिटिव्ह म्हणजे संधिवात.” आधी शब्दाचा घोळ. आपण संधिवात म्हणतो त्यात गुडघ्यांची झीजही येते आणि युरिक अ‍ॅसिडचा त्रासही. आरए फॅक्टरचा संबंध प्रामुख्याने आमवाताशी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी आहे. आता हिशेब करू. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोठी पाहणी सुरू झाली. तिथे आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. म्हणजे हजार माणसांत पाच रुग्ण. या पाचांपैकी तीन-चार जणांचाच आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येईल, कारण ही तपासणी सुमारे ७० टक्के रुग्णांनाच पकडते. उरलेल्या ९९५ जणांना आमवात नाही, पण निरोगी माणसांतही साधारण ५ टक्क्यांचा हा फॅक्टर पॉझिटिव्ह असतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त. म्हणजे आणखी पन्नास. त्रेपन्न-चोपन्न पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि त्यात खरे रुग्ण तीन-चार! शिवाय क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांतही हा फॅक्टर वाढतो. आपल्याकडे क्षयरोग किती आहे हे वेगळं सांगायला नको. “तपासून तर बघू” म्हणून पॅकेजमध्ये केलेली ही तपासणी त्यामुळेच इतक्या घरांत विनाकारण घबराट पसरवते. हाच रिपोर्ट बोटांचे सांधे सुजलेल्या बाईचा असेल, तर मात्र त्याचं वजन फार वाढतं. कागद तोच, पण माणूस तपासल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

“निगेटिव्ह म्हणजे निश्चिंत राहा.” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माझ्या सख्ख्या मावशीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. ज्यांना दाखवलं त्यांनी रिपोर्ट पाहिला, हात पाहिले नाहीत. “वाताचं काही नाही, वयाचं आहे.” तिचं वय तेव्हा ४४ होतं. दीड वर्ष गेलं आणि तेवढ्यात उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, ती आता सरळ होणार नाहीत. रक्तात आरए फॅक्टरही नाही आणि अँटी-सीसीपी हे आमवातात आढळणारं दुसरं प्रतिपिंडही नाही, तरी आमवात आहे, असे रुग्ण भरपूर असतात.

आणि ज्या आंतरराष्ट्रीय निकषांची मेसेजमध्ये साक्ष काढली आहे, ते तरी काय म्हणतात? अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली मिळून केलेल्या निकषांत एकूण १० गुण आहेत, ६ मिळाले की आमवात धरतात. दहापेक्षा जास्त सांध्यांना त्रास असेल आणि त्यात निदान एक लहान सांधा असेल, तर ५ गुण. सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेला असेल तर १. त्रास सहा आठवडे किंवा अधिक असेल तर १. मावशीचे इथेच ७ झाले, आरए फॅक्टरचा एकही गुण न घेता. उलट आरए फॅक्टर कितीही वाढलेला असला तरी त्याला जास्तीत जास्त ३ गुण, म्हणजे निव्वळ त्याच्या जोरावर कोणी ६ पर्यंत पोचूच शकत नाही. त्याआधीची अट तर अशी, की निदान एक सांधा खरोखर सुजलेला हवा आणि त्या सुजेला दुसरं कारण नको. तो सांधा डॉक्टरांनी हाताने दाबून बघायचा असतो.

हे निकष मुळात संशोधनासाठीचं वर्गीकरण आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत एकसारखे रुग्ण यावेत, म्हणून आखलेली ती चौकट. समोरच्या एका माणसाचं निदान निराळं. निकषांत न बसणाऱ्यालाही आजार असू शकतो आणि डॉक्टर त्याला औषध सुरू करतात, करायलाच हवं.

“एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस.” नाही. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा एक आजार. १:४० इतक्या कमी टायटरला (रक्त किती पट पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येते, ते प्रमाण) निरोगी माणसांतही जवळजवळ तिघांत एकाचा एएनए पॉझिटिव्ह येतो, १:१६० ला सुमारे ५ टक्के लोकांचा. थायरॉइडच्या काही आजारांतही येतो. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही फक्त आत शिरण्याची अट आहे. पुढे ताप, तोंडातले व्रण, चेहऱ्यावरचे चट्टे, लघवीतून जाणारं प्रथिन, रक्तपेशी कमी होणं अशा गोष्टींचे मिळून १० गुण व्हावे लागतात. गंमत म्हणजे इथे निगेटिव्ह रिपोर्ट जास्त कामाचा ठरतो: एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फारच कमी उरते. आरए फॅक्टरच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. दोन्ही तपासण्यांना एकच नियम लावणाऱ्याला दोन्ही कळलेल्या नाहीत.

“दर तीन महिन्यांनी तपासा, निगेटिव्ह आलं की गोळ्या बंद.” आजार आटोक्यात असतानाही आरए फॅक्टर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतो, आणि तो उतरला म्हणून आजार गेला असं होत नाही. मेथोट्रेक्सेटसारखं आमवाताचं औषध मनाने बंद केलं तर सांधे पुन्हा सुजतात. औषधावर असताना तीन महिन्यांनी रक्त तपासतात ते लिव्हर, किडनी आणि रक्तपेशी नीट आहेत ना हे बघायला. आजार किती शिल्लक आहे हे ठरवायला खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंतचे ठरलेले २८ सांधे एकेक करून दाबतात, किती दुखतात आणि किती सुजलेत ते मोजतात, जोडीला ईएसआर किंवा सीआरपी बघतात.

मावशीचे डॉक्टर हेच करतात, दहा मिनिटांत होतं. निदान झाल्यापासून तिचा आरए फॅक्टर त्यांनी एकदाही परत मागवलेला नाही.