भाषणातून गाळलेला परिच्छेद

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी जो वाद झाला, त्याचे मूळ आमच्या वकीलमित्राने वाचनालयातील भाषणासाठी लिहून आणलेल्या चार पानांत होते. विषय होता बेंजामिन फेरेन्झ. ११ मार्च १९२० रोजी ट्रान्सिल्व्हेनियातील (आजच्या रोमानियातील) ज्यू कुटुंबात जन्मलेला, दहा महिन्यांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला गेलेला, हार्वर्डमध्ये कायदा शिकून दुसऱ्या महायुद्धात लढलेला हा माणूस ७ एप्रिल २०२३ रोजी फ्लोरिडात वयाच्या १०३ व्या वर्षी वारला, तेव्हा महायुद्धानंतर जर्मनीत नाझी गुन्हेगारांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यांतील अभियोक्त्यांपैकी तो एकटाच हयात होता.

वकीलसाहेबांनी वाचलेला भाग ऐकण्यासारखा होता, यात शंका नाही. पूर्व आघाडीवर सैन्यामागून जाऊन ज्यूंच्या, जिप्सींच्या आणि इतरांच्या कत्तली करणाऱ्या आइन्झात्सग्रुपेन या नाझी पथकांनी बर्लिनला पाठवलेले रोजचे अहवाल फेरेन्झच्या संशोधकाच्या हाती लागले. फेरेन्झ बेरजेच्या यंत्रावर मृतांचे आकडे मिळवत गेला आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. अपुऱ्या माणसांची सबब सांगणाऱ्या वरिष्ठांना त्याने हे काम आपण आपल्या कामाखेरीज करू असे सांगितले, आणि सत्ताविसाव्या वर्षी आयुष्यातला पहिलाच खटला म्हणून तो मुख्य अभियोक्ता झाला. चोवीसपैकी निकालापर्यंत उरलेले बावीसही आरोपी १९४८ मध्ये दोषी ठरले. उंची जेमतेम पाच फूट असल्याने तो पुस्तकांच्या चवडीवर उभा राहून बोलत असे, हा तपशील वकीलसाहेबांनी विशेष आनंदाने वाचला.

पाने मिटली गेल्यावर सुभेदार म्हणाले, "सगळे उत्तम आहे, पण त्या माणसाने भिंतीशी उभी केलेली गावे तुमच्या पानांत कुठे आहेत?"

वकीलसाहेब गप्प झाले, म्हणजे त्यांना ते ठाऊक होते. न्युरेंबर्गच्या आधी, १९४५ मध्ये, फेरेन्झ अमेरिकी फौजेत सार्जंट (आपल्याकडचा हवालदार) या हुद्द्यावर युद्धगुन्ह्यांचा तपास करत होता. गावात जायचे, लोकांना भिंतीशी ओळीने उभे करायचे आणि खोटे बोलेल त्याला जागीच गोळी घालू असे बजावून जबाब लिहून घ्यायचे, ही आपली पद्धत त्याने पुढे म्हातारपणी मुलाखतीत स्वतःच सांगितली. मुक्त झालेल्या छळछावणीत कैद्यांनी एका पहारेकऱ्याला जिवंत जाळले, ते आपण पाहिले आणि अडवले नाही, हेही त्यानेच सांगितले.

"श्रद्धांजलीच्या सभेत उलटतपासणी घेत नाहीत," वकीलसाहेब म्हणाले.

"घेऊ नका. पण मी बंदोबस्ताच्या नोकरीत वर्षे काढली आहेत. भिंतीशी उभा केलेला माणूस आपल्याला हवे तेच बोलतो. तुमचा कायदा काय सांगतो?"

धाक दाखवून घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २४ व्या कलमापासून आपल्याकडे चालत आलेले आहे, हे वकीलसाहेबांना कबूल करावे लागले. मात्र अडचणीत आलेला वकील सर्वांत चांगला बोलतो, याचा अनुभव आम्हाला लगेच आला. त्यांनी विचारले की याच माणसाने दोन वर्षांनी खटला कसा चालवला, ते पाहणार की नाही? त्याने एकही साक्षीदार बोलावला नाही. मारेकऱ्यांनी स्वतः लिहिलेले, तारखा, ठिकाणे आणि आकडे असलेले अहवाल न्यायालयापुढे ठेवले आणि दोन दिवसांत आपली बाजू संपवली. कोणाच्या तोंडून काही वदवून घ्यावे लागलेच नाही. फाशीची मागणीही त्याने केली नाही.

मास्तरांना ही जोडणी फारच सुबक वाटली. अहवाल सापडले म्हणून साक्षीदार लागले नाहीत. ते न सापडते तर सार्जंट काय करता, हे आपण कशाच्या आधारे सांगणार, असे त्यांचे म्हणणे. मला मास्तरांचे पटले. तरीही १९४५ ची गोष्ट त्याच्याकडून कोणी धाकाने वदवून घेतली नव्हती, ती त्याने आपणहून सांगितली, याचे वजन मला त्या पुस्तकांच्या चवडीपेक्षा जास्त वाटते.

सुभेदारांचा दुसरा आक्षेप हिशेबाचा होता. त्या पथकांत सुमारे तीन हजार माणसे होती, आरोपी निवडले चोवीस, कारण आरोपींच्या पिंजऱ्यात जागा तेवढ्याच होत्या. चौदांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात १९५१ मध्ये चौघांना झाली, आणि तुरुंगात उरलेले १९५८ पर्यंत सुटले. यावर वकीलसाहेबांनी वाद घातला नाही. फेरेन्झही कधी हा न्याय पुरा झाला असे म्हणाला नाही, आणि म्हणूनच त्याने पुढे वकिली बाजूला ठेवून कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी काही दशके घालवली. ते न्यायालय २००२ मध्ये अस्तित्वात आले, पण फेरेन्झचा स्वतःचा अमेरिका देश आणि आपला भारतही अजून त्याच्या बाहेर आहेत. तिथल्या पहिल्या खटल्यात अभियोग पक्षाच्या समारोपाला २०११ मध्ये तो ९१ व्या वर्षी उभा राहिला.

"आणि बाप म्हणून?" मास्तरांनी विचारले. त्याची चारही मुले जर्मनीतच जन्मली. जेवणाच्या टेबलावर तो मुलांना आज मानवजातीसाठी काय केलेत असे विचारत असे, ही आठवण त्याच्या मुलाने सांगितली आहे आणि तो मुलगा पुढे याच कामात वडिलांबरोबर राहिला. ("आमच्या घरी गणितात किती मिळाले एवढेच विचारतात," सुभेदार पुटपुटले.) याला लागून वकीलसाहेबांनी जे सांगितले, ते त्यांच्या पानांत नव्हते. त्या खटल्यातील एक आरोपी, पाच मुलांचा बाप असलेल्या ओटो ओलेंडोर्फला फाशी सुनावल्यावर फेरेन्झ तळघरातील कोठडीत त्याला भेटायला गेला आणि तुझ्यासाठी काही करू का, असे त्याने विचारले. घरच्यांसाठी एखादा निरोप असेल, अशी त्याची कल्पना होती. ओलेंडोर्फने उलट अमेरिकेतील ज्यूंना याची फळे भोगावी लागतील असे ऐकवले. फेरेन्झ निरोप घेऊन बाहेर पडला.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वकीलसाहेबांनी पेन मागितले आणि पुस्तकांच्या चवडीचा परिच्छेद खोडून त्या जागी समासात भिंतीची गोष्ट लिहायला घेतली. सुभेदार म्हणाले, चवड राहू द्या, पोरांना आवडेल. पण भिंत तिच्या आधी येऊ द्या.