उत्साहापासून सावध

जुन्या वास्तूंचे शत्रू कोण, असं विचारलं की लोक ऊन, पाऊस, पिंपळ आणि इंग्रज अशी यादी सांगतात. इंग्रजांबद्दल वाद नाही. १८१८ नंतर त्यांनी कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे फोडून टाकले. पण ते शत्रू होते आणि शत्रूसारखे वागले, त्यात फसवणूक नव्हती. आमच्या वारसा संवर्धन गटात वावरायला लागल्यापासून मला खरी धास्ती वाटते ती मित्रांची. नव्याकोऱ्या हातमोज्यांत, कपाळाला भगवी पट्टी बांधून "दादा, सांगा, कुठून सुरू करू?" असं विचारणारा तरुण समोर आला, की मी आधी तटाकडे बघतो आणि मनातल्या मनात तटाची माफी मागून ठेवतो.

आमचा किल्ला प्रसिद्ध नाही. नाव सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही मदतीला याल. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्रभर तोफांच्या सलाम्या झडल्या आणि पहाटे कुणीतरी विचारलं, "आपला का नाही?" याला काय सांगणार? रायगड, राजगड, साल्हेर यांच्या पंगतीत बसायचं तर निदान किल्ल्यासारखं दिसावं लागतं. आमच्याकडे एक बुरूज आहे, गुडघ्याइतका तट आहे, पाण्याची टाकी आहेत आणि उरलेला किल्ला आमचे अध्यक्षकाका हातवारे करून दाखवतात. हातवारे मात्र अव्वल. लोकांना सदर दिसते, पागा दिसते, एका ताईंना तर मुदपाकखान्यातून निघणारा धूरही दिसला होता.

मोहीम ठरली की शनिवारी रात्री ग्रुपवर अंगठे भरपूर येतात. रविवारी सकाळी पाय मोजकेच येतात. त्यातही निम्मे पाय ड्रोनवाल्यांचे. जे येतात त्यांना मी पायथ्यालाच परवानगीचं पत्र वाचून दाखवतो. केंद्राचा १९५८चा कायदा, राज्याचा १९६०चा कायदा, जमीन वनखात्याची, अशी ती कथा असते. पत्रात काय करायचं ते दोन ओळींत असतं आणि काय करायचं नाही ते दीड पानात. खोदायचं नाही, दगड हलवायचा नाही, रंगवायचं नाही, जोडायचं नाही. ऐकता ऐकता मंडळींचे चेहरे पडत जातात. "मग आम्ही पहार कशाला आणली?" हा प्रश्न ठरलेला. पहार कुणीही आणायला सांगितलेली नसते. पण घरून निघताना मराठी माणसाच्या हाताला पहार आपोआप येते असं दिसतं.

गवत काढायला परवानगी असते, पण ते कुणालाच काढायचं नसतं. सगळ्यांचा डोळा बुरजाच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळावर. रोप हातभर असतं आणि मूळ तटाच्या पोटात कुठवर गेलंय याचा पत्ता नसतो. ते उपटायचं नसतं, बुंध्याशी कापून मूळ जागच्या जागी मारायचं असतं, कारण उपटलं की पिंपळाबरोबर दोन-चार चिरेही बाहेर येतात. हे मी सांगतो. सगळे माना डोलावतात. आणि मी पाठ फिरवली रे फिरवली की मागून "हर हर महादेव" ऐकू येतं. अशा वेळी जे धावणं होतं, त्यावर माझी साखर आटोक्यात आहे.

त्यामानाने टाक्यातला गाळ काढणं हे शिस्तीचं काम. घमेल्यांची साखळी करायची, गाळ वर द्यायचा, वर बसलेल्यांनी तो हाताने चाळायचा, खापर, मणी, नाणं काही निघालं तर बाजूला ठेवून कळवायचं. साखळीत सगळ्यांना वरचं टोक हवं असतं, कारण तिथे सावली असते आणि फोटो निघतो. गाळातून निघालेली प्रत्येक वस्तू पहिली दहा मिनिटं शिवकालीन असते. गंजलेला खिळा शिवकालीन, बांगडीचा तुकडा शिवकालीन. एकदा तंबूची खुंटीही शिवकालीन होती, धुतल्यावर तिच्यावर कंपनीचं नाव दिसलं तेव्हा कुठे वाद मिटला. बाकी पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि चपला. चप्पल कायम एकच निघते. दुसरी पायात घालून तो माणूस गड उतरला कसा, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

पण आमचा खरा कस लागला तो वीरगळापाशी. गावाच्या विहिरीजवळ एका दगडावर बायका धुणं धुवायच्या. खालून हात घालून पाहिलं तर कोरीव काम लागलं. अध्यक्षकाकांनी ताबडतोब जमिनीवर बसून कण्हायला सुरुवात केली. मग रीतसर पत्रव्यवहार, ग्रामसभा, आणि त्याहून अवघड म्हणजे धुणं धुणाऱ्या मावशी. मी त्यांना समजावलं, की मावशी, हा लढाईत पडलेल्या वीराचा दगड आहे. सगळ्यात खाली तो पडलेला, वर त्याची लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. चंद्र-सूर्य असतील तोवर त्याची कीर्ती राहणार, म्हणून वर चंद्र-सूर्य. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्वर्गात पोचलाय ना? मग आता त्याला कशाला उठवताय?"

याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी त्यांना धुण्याला दुसरा, आधीपेक्षा मोठा दगड आणून दिला, तेव्हा वीर उभा राहिला. काय दिसत होता! ढालीची कड, घोड्याचा लगाम, अप्सरेच्या हातातला हार, सगळं शाबूत, कारण इतकी वर्षं तो पालथा होता आणि कुणालाच त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गावातल्या मुलांना ते वाटलं. आम्ही पोचलो तर वीराची तलवार चंदेरी, घोडा तपकिरी, अप्सरा गुलाबी साडीत, चंद्र पिवळा आणि सूर्यही पिवळाच, कारण डबा संपवायचा होता. सगळा ऑइल पेंट. भोवती चौथरा, चौथऱ्याला न्हाणीघराची फरशी. मुलं रात्रभर जागली होती हो, वर्गणी काढून! त्यांच्यावर ओरडावं तरी कोणत्या तोंडानं? आमच्यातले उत्साही लगेच थिनर आणि तारेचा ब्रश आणायला निघाले. त्यांना अडवलं. तो रंग काढणं हे तज्ज्ञाचं काम, आपण घासलं तर रंगाबरोबर लगामही जाईल. तेव्हापासून आम्ही तिथे जाऊन कुणी काही करत नाही ना हे पाहत बसतो. आयुष्यात इतकं थकवणारं काम मी केलेलं नाही.

जाता जाता गद्धेगाळाचं सांगतो. शिलाहार-यादवांच्या काळात दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून एक दगड उभा करत. मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून एक शिवी, आणि अक्षर न येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून गाढवासकट तिचं चित्र. असा एक आमच्या वाटेवर आहे. शाळेची सहल आली की गटातले सगळे वक्ते नेमके त्या दगडापाशी पाणी प्यायला जातात. पण मला त्या काळच्या लोकांचं कौतुक वाटतं. हल्ली केंद्राच्या संरक्षित स्मारकावर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, तरी बदाम आणि बाण थांबत नाहीत. गाढव कोरून पाहायला हरकत नाही.

आता राहिले ते पुढारी. त्यांनी बुरजासाठी सिमेंटची पोती पाठवली, न विचारता. म्हणजे आम्हाला न विचारता, पत्रकारांना विचारून. आम्ही त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की साहेब, जुनं बांधकाम चुन्यातलं आहे. चुना भिजवून मुरवावा लागतो, त्यात गूळ, हिरडा पडतो, तो श्वास घेतो. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा दगड झिजून जातो.

"पण सिमेंट पक्कं असतं," साहेब म्हणाले.

"तेच तर, साहेब. चिरा जातो आणि सिमेंट राहतं."

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "आणि फलकाचं काय? तो छापून झालाय."

फलक बुरजापेक्षा उंच होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर ती पोती गावातल्या गटाराकडे वळवण्यात आम्हाला यश आलं. गटार झकास झालंय. उद्घाटनाला नारळ फुटला, हार पडले, आमच्या गटाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि फलक वाया गेला नाही. गटाराच्या तोंडाशी तो आता दिमाखात उभा आहे: 'ऐतिहासिक बुरुजाचा जीर्णोद्धार'. मागच्या रविवारी बाहेरगावची दोन मुलं त्याच्यासमोर फोटो काढताना दिसली. अध्यक्षकाका त्यांना हातवारे करून तटबंदी दाखवत होते.