बुद्धिबळात प्रगती कशी टाळावी

आपण नुकतेच सेवानिवृत्त झाला असाल, निरोप समारंभातली शाल अजून घडीसुद्धा न मोडता कपाटात पडून असेल, आणि सकाळचे फिरणे आटोपल्यावर उरलेल्या चौदा तासांचे करायचे काय, हा प्रश्न आपल्यापेक्षा घरच्यांना अधिक छळत असेल, तर बुद्धिबळासारखा दुसरा उपाय नाही. या खेळाला मैदान लागत नाही, धड गुडघे लागत नाहीत, आणि नावातच 'बुद्धी' असल्यामुळे तासन्‌तास एका जागी बसून राहणाऱ्या माणसाला आळशी म्हणायचे धाडस सहसा कोणी करत नाही. एक धोका मात्र आरंभीच सांगून ठेवतो. नीट काळजी घेतली नाही, तर माणूस या खेळात हळूहळू सुधारू लागतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढल्यावर गेली नऊ वर्षे मी सांगलीत, कृष्णाकाठच्या एका वाचनालयाच्या ओसरीवर, रोज साडेचारपासून दिवेलागणीपर्यंत बुद्धिबळ खेळतो आहे, आणि एवढ्या काळात माझ्या खेळात काडीचाही फरक पडलेला नाही. हे आपोआप घडत नसते. त्यामागे कडक शिस्त आहे, आणि तिचा लाभ नवोदितांनाही मिळावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव सांगली, हीच मुळात मोठी अडचण आहे. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी पोरासोरांच्या हाती पट दिले आणि स्पर्धांमागून स्पर्धा भरवल्या, त्या गावात 'मी बुद्धिबळ खेळतो' असे सांगणे म्हणजे कोल्हापुरात 'मी तांबडा रस्सा पितो' असे सांगण्यासारखे आहे. ऐकणारा 'बरं, मग?' एवढेच म्हणतो. तेव्हा खेळापेक्षा खेळाविषयीच्या बोलण्यावर भर द्यावा लागतो.

त्यासाठी सुरुवातींची नावे पाठ करावीत. त्यांतल्या खेळ्या पाठ करण्याच्या फंदात पडू नये. गाण्याच्या बैठकीत एखादा गृहस्थ पहिल्याच आलापाला 'वा, मारवा!' म्हणून मान डोलावतो आणि पुढचा अर्धा तास तो पूरिया नाही हे शेजाऱ्याला पटवत बसतो, त्याच धर्तीवर आपण दुसऱ्या खेळीला 'हं, कारो-कान!' असे पुटपुटावे. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारायचे होते आणि ते चुकून एकच घर सरकले, तरी बिचकू नये. चष्मा पुसत पुसत सांगावे की, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या बॅरिस्टराविरुद्ध याच वळणाचे डाव मांडत, आणि तशा बचावांना आजही जगभर 'इंडियन' म्हणतात. ही माहिती अगदी खरी आहे. खरी माहिती भलत्या वेळी सांगण्याचे महत्त्व या खेळात फार आहे, कारण आपले सांगून होईपर्यंत समोरचा आपली उत्तम खेळी विसरून गेलेला असतो.

घड्याळाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दोन तबकड्यांचे घड्याळ स्पर्धेत प्रथम आले ते १८८३ साली, लंडनमध्ये. त्याच्याही आधी, वेळेची मर्यादाच नव्हती तेव्हा, माणसे एकेका खेळीला हवा तितका वेळ घेत आणि समोरच्याला खुर्चीवर डुलकी लागली तरी कोणाची हरकत नसे. आपण स्वतःला त्या परंपरेचे पाईक मानावे. खेळी परत घेण्याविषयीही माझे मत ठाम आहे. ज्येष्ठांची प्रवासभाड्यातली सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, निदान पटावर तरी साठीनंतर एक खेळी परत मिळालीच पाहिजे. आमच्या ओसरीवर दर डावाला दोन असा दर ठरलेला आहे. तहसीलदारसाहेब तीन घेतात, पण ते महसूल खात्यातून निवृत्त झाले आहेत.

पट आणि सोंगट्या शक्यतो जुन्या असाव्यात, आणि त्यांतली एखादी हरवलेली असावी. आमच्या डब्यात एक तपकिरी प्यादे कमी होते. त्या जागी मी आडवी फोडलेली अर्धी सुपारी, सपाट बाजू खाली करून, ठेवत असे. रंग जुळत होता, उंचीही साधारण बेताची होती. दोन वर्षे त्या सुपारीने निमूटपणे प्याद्याची नोकरी केली. एकदा श्रावणातल्या संध्याकाळी, बाहेर झिमझिम चालू असताना, हीच सुपारी एकेक घर पुढे सरकत वजीर व्हायला अवघे एक घर उरले होते. तहसीलदारसाहेबांचा हत्ती तिला मारू शकत होता. पण तो हत्ती तिथून हलला, की माझ्या वजिराने मात होत होती. साहेबांनी वीस मिनिटे विचार केला. त्यांची चंची उघडी होती, अडकित्ता मांडीवर होता, कातरलेली खांडे पटाच्या कडेला पडली होती आणि नजर हत्तीवर खिळली होती. हात मात्र सवयीने पुढे आला, सुपारी उचलली गेली आणि ती दाढेखाली गेल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

'प्यादे खाल्ले' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे, पण ते इतक्या शब्दशः अमलात आलेले प्रथमच पाहिले. पुढचा तासभर ओसरीवर जो खल झाला, त्यापुढे जिल्हा न्यायालयाने हात टेकले असते. माझे म्हणणे असे की, प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीला हात लावला तर आणि ती मारता येत असेल तर मारलीच पाहिजे, असा नियम आहे. साहेबांनी नुसता हात नव्हे, तर दातही लावले आहेत. सबब त्यांनी हत्ती हलवावा आणि मात स्वीकारावी. साहेबांचे म्हणणे असे की, नियमाला हेतू लागतो, आणि त्यांचा हेतू केवळ सुपारी खाण्याचा होता. शिवाय मारायला पटावर आता प्यादे आहेच कुठे? आमचे पोस्टमास्तर पंच म्हणून बसले होते. ते म्हणाले, "आधी ते थुंका, मग बघू." साहेबांनी गिळले. तो डाव अजून निकालात निघालेला नाही. त्याची मांडणी एका वीजबिलाच्या पाठीमागे लिहून वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे.

अधूनमधून एखाद्या मानांकन स्पर्धेतही, म्हणजे जिथल्या निकालांवर खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरतो तिथे, नाव द्यावे. तिथे आपल्यासमोर जो खेळाडू येतो त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याच्या पाण्याच्या बाटलीवर चित्रातले अस्वल असते आणि तो प्रत्येक खेळी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आमच्या आळीतल्या मुलींनी तेव्हापासून आजोबा लोकांकडे ज्या नजरेने पाहायला सुरुवात केली आहे, ती मांजराची उंदराकडे असते. मागच्या स्पर्धेत अशाच एका आठ वर्षांच्या मुलीने माझा हत्ती आणि दोन प्यादी खाल्ल्यावर दाराकडे पाहिले. तिथे तिची आई डबा घेऊन उभी होती. मग ती अतिशय आदराने म्हणाली, "आजोबा, बरोबरी घेता का? मला भूक लागलीये." मी दोन मिनिटे गंभीरपणे पटाकडे पाहिले, परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केल्यासारखे दाखवले आणि मग तिची विनंती मान्य केली. तो अर्धा गुण आणि साठीपुढचे आम्ही तिघेच हजर असणे, या दोन आधारांवर त्या दिवशी मला उत्कृष्ट ज्येष्ठ खेळाडूचा तिसरा क्रमांक मिळाला. करंडक दिवाणखान्यात आहे. त्यावर 'तिसरा' हा शब्द फार लहान कोरलेला आहे, हे त्यातल्या त्यात बरे.

मानांकनाची काळजी करू नये. ते वरूनही येते. जागतिक संघटनेने १ मार्च २०२४ पासून किमान मानांकन १००० वरून १४०० केले आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना ठरावीक सूत्राने वर उचलले. आमचे पोस्टमास्तर १०५० होते. ते झोपेतून उठले तेव्हा १४३० झाले होते. नोकरीत त्यांना इतकी घसघशीत बढती कधी मिळाली नव्हती. त्यांनी ओसरीवर पेढे वाटले आणि त्याच दिवशी ते माझ्याशी चार डाव हरले.

हरल्यानंतर बोलायला मात्र काहीतरी हाताशी हवे. त्यासाठी दोन दाखले पुरतात. २००६ साली बॉनमध्ये व्लादिमीर क्रामनिक, तेव्हाचा जगज्जेता, संगणकाविरुद्ध खेळताना एका खेळीत होणारी मात पाहायला विसरला. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला, जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात, बरोबरी दिसत असताना तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती भलत्या घरात नेला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. हे दाखले सांगताना आवाजात सहानुभूती असावी. जगज्जेत्यांना जी चूक आयुष्यात एखाद्या वेळी साधते, ती आपल्याला रोज साधते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ऐकणारा ते आपले आपण समजून घेतो.

मोबाइलवर खेळायला हरकत नाही, पण घरात खेळू नये. तीन मिनिटांच्या डावात कुठल्याशा दूरदेशीच्या अनोळखी माणसाने आपला वजीर उचलला तर ते दुःख आपल्यापुरते राहते. मी मात्र जेवणाच्या टेबलाशी बसून खेळत होतो. आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी उभ्या आयुष्यात सोंगटीला हात लावलेला नाही, त्या आमटीचे पातेले ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, तो उंट मोकळाच आहे की तुमचा." तो मोकळाच होता. तेव्हापासून मी गच्चीवर खेळतो.

आता मुख्य मुद्दा. इतकी खबरदारी घेऊनही एका पावसाळ्यात माझा तोल गेला, हे प्रांजळपणे कबूल करतो. सुपारीचा डाव मनाला लागला होता. वाचनालयातून मी डावाच्या अखेरीवरचा एक जाडजूड ग्रंथ घरी नेला आणि महिनाभर रोज रात्री दिवा लावून बसलो. त्यात हत्ती आणि प्यादे विरुद्ध नुसता हत्ती अशी एक प्रसिद्ध मांडणी आहे. आपले प्यादे सातव्या घरात, त्याच्या पुढे आठव्यात आपला राजा अडकून बसलेला. राजा बाहेर पडला की समोरचा हत्ती शहामागून शह देत सुटतो. अशा वेळी आपला हत्ती आधीच चौथ्या ओळीत आणून ठेवायचा, म्हणजे राजा चालत खाली आला की शेवटचा शह त्याच हत्तीने अडवता येतो आणि प्यादे सुखरूप वजीर होते. याला 'पूल बांधणे' म्हणतात. खात्यात असताना माझे दोन पूल मंजुरीअभावी कागदावरच राहिले होते. त्यामुळे या पुलाने मला जरा जास्तच भुरळ घातली असावी.

पूल बांधला. बारा दिवसांत मी तहसीलदारसाहेबांविरुद्ध अकरा डाव जिंकलो. पहिले तीन-चार डाव त्यांनी हवेवर ढकलले, नंतर गुडघ्यावर, मग पुण्याच्या मुलीकडे जायचे निघाले. तेराव्या दिवशी ते आले नाहीत. पुढचे दहा दिवस मी ओसरीवर पट मांडून बसलो आणि पोस्टमास्तर शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले. एकदा त्यांनी मला तूरडाळीचे भावही वाचून दाखवले. साहेब पुण्याला गेलेच नव्हते. रोज संध्याकाळी घाटावर एकटेच बसलेले असतात, असे वाचनालयाच्या शिपायाने सांगितले.

अकराव्या दिवशी पट काखोटीला मारून मी त्यांच्या घरी गेलो. सातव्या-आठव्या खेळीला वजीर अशा घरात नेऊन ठेवला की, त्यांच्या घोड्याने नुसते अडीच घरे जायचे. साहेबांनी वजिराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वजिराकडे पाहिले. "अहो इंजिनिअर," ते म्हणाले, "नीट बघा हं. परत घेता का?" परत घेत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी घोडा उचलला तो दोन बोटांनी नव्हे, अख्ख्या मुठीने. दुसऱ्या दिवशी मी साडेचारला पोहोचलो, तर साहेब सव्वाचारपासून पट मांडून बसले होते आणि पोस्टमास्तरांना १८८३ पूर्वीच्या बुद्धिबळाची महती सांगत होते. तो ग्रंथ मी मुदतीच्या चार दिवस आधीच परत केला.

तेव्हा आपणही अवश्य यावे. तपकिरी रंगाचे एक प्यादे अजून कमीच आहे. येताना कोटाचे जुने बटण, औषधाच्या बाटलीचे झाकण, काहीही आणलेत तरी चालेल. दाताने फुटेल असे मात्र काही आणू नये.