सर, पेशंट कुठे आहे?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर रक्ताच्या तीन तपासण्या लिहून दिल्या होत्या: एएफपी, एलडीएच आणि बीटा एचसीजी. गाठ कुठे लागली होती म्हणाल, तर पुरुषाच्या शरीराचा जो भाग घरात 'खाली' या एका शब्दात उरकतात, तिथे.

काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"सर, पेशंट कुठे आहे?"

"मीच."

"नाही, बीटा एचसीजी कोणाची करायचीये? ती प्रेग्नन्सीची असते."

असते. गर्भ रुजला की वार बनवणाऱ्या पेशी हे हार्मोन तयार करतात. पण वृषणाच्या काही गाठीही तेच बनवतात, म्हणून ते पुरुषांतही तपासतात. आदल्या रात्री मोबाईलवर वाचून वाचून हे मला पाठ झालं होतं. मात्र सकाळी साडेआठला, उपाशीपोटी शुगर द्यायला आलेल्या गर्दीसमोर ते कोणत्या पट्टीत सांगायचं, हे कुठेच दिलेलं नव्हतं. मी कुजबुजलो. तिला ऐकू गेलं नाही. मग तिने फोन उचलला.

"मॅडम, जेंट्सची बीटा एचसीजी आलीये! शेवटच्या पाळीची तारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाहीये!"

वरून काय उत्तर आलं कोण जाणे. तिने स्वतःच तोडगा काढला. "फीमेल टाकू का? रिपोर्टवर पेनाने खोडून देतो आम्ही." मी नको म्हटल्यावर तिने असा चेहरा केला, की अडेलतट्टू मीच. "मग बसा."

शेजारी एक काकू होत्या. पोहे खाऊन आलेल्या, आता जेवणानंतरच्या शुगरसाठी दोन तास काढायचे होते.

"पहिलंच का?"

"काकू, तपासणी माझी आहे."

"ऐकलं की. सगळ्यांनीच ऐकलं." त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "आमच्या सुनेचीही हीच केली होती. एकदा करून भागत नाही बरं का. दोन दिवसांनी परत करतात, आकडा दुप्पट झाला पाहिजे."

"माझा नाही झाला तरच बरं."

"असं अभद्र बोलू नये!"

मग मी लाज सोडली आणि गाठीपासून सगळं सांगितलं. काकूंनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे हल्ली नवऱ्याचंही रक्त घेतात. चांगलं आहे. आमच्या वेळी सगळं बाईच्याच माथी." आणि आवाज खाली आणून, "जाताना जिना नका उतरू हो. मागे लिफ्ट आहे."

समोर लघवीची डबी धरून बसलेले आजोबा इतके खूश झाले, की मला त्या डबीचीच काळजी वाटायला लागली.

१९३० च्या दशकात हीच तपासणी बेडकीवर करत. बाईची लघवी आफ्रिकन बेडकीला टोचायची. गर्भ असेल तर ती काही तासांत अंडी घालायची. त्या बेडकीने कोणाला पाळीची तारीख विचारली नाही.

शेवटी पॅथॉलॉजिस्ट मॅडम खाली आल्या. "अगं, ट्यूमर मार्करच्या यादीतून टाक ना!" रक्त तेच, नळी तीच, मशीनही तेच. यादी बदलली म्हणून पाळीचा रकाना गेला आणि बिल दीडशे रुपयांनी वाढलं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला कोणी शिकवलंच नसणार. पण वृषणाचा कर्करोग बहुतेक तरुण वयात होतो, वेळेत सापडला तर बहुतेकदा बराही होतो, आणि माणसं लाजेपायी गाठ महिनोन्‌महिने लपवतात. असा एखादा पंचविशीतला पोरगा कसाबसा या काउंटरपर्यंत आला, आणि त्याच्या नावाने असा पुकारा झाला, तर तो रक्त न देताच घरी जाईल. त्याला लिफ्ट दाखवायला काकूही असतीलच असं नाही.

आकडा जवळजवळ शून्य आला. खाली तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या सगळ्या आठवड्यांचे आकडे छापले होते. पुरुषांसाठी एक ओळ नव्हती. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

परवा लॅबमधून फोन आला. "बीटा एचसीजी रिपीट करायची असते, सर. मॅडमना घेऊन येताय का? होम कलेक्शनही आहे." मी फोन बायकोच्या हातात दिला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचे वेगळे पैसे पडतात का?"