‘मान्याना’ला हसण्याआधी ‘परवा’ आठवा

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून माझ्याकडे आला. ‘ज्यांच्या भाषेतच वेळ नाही, त्यांना वेळेचं भान कुठून असणार?’ असं त्याचं शीर्षक. सांगणं थोडक्यात असं: स्पॅनिशमध्ये सकाळ आणि उद्या यांना एकच शब्द आहे, वेळ आणि हवामान यांनाही एकच. ‘आत्ता’ला धड अर्थ नाही, आठवडा आठ दिवसांचा आणि डेडलाइनला तर शब्दच नाही. म्हणून म्हणे ही मंडळी इंग्रजीतले वेळेचे शब्द शिकताना अडखळतात. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

मी स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. ते अडखळतात हे खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू.

आधी तो प्रसिद्ध ‘मान्याना’. नुसता ‘मान्याना’ म्हणजे उद्या. पुढे उपपद लावून ‘ला मान्याना’ म्हटलं की सकाळ. ‘उद्या सकाळी’ला ‘मान्याना पोर ला मान्याना’ म्हणतात आणि कुणाचा काही गोंधळ होत नाही. मूळ लॅटिन ‘माने’, म्हणजे सकाळी. उजाडलं की उद्या, इतका साधा हिशोब. पण इंग्रजीनं वेगळं काय केलंय? ‘टुमॉरो’मधला ‘मॉरो’ म्हणजे जुनी सकाळच. जर्मनमध्ये आजही ‘मॉर्गन’ हा शब्द सकाळ आणि उद्या या दोन्हींसाठी चालतो, आणि जर्मन लोकांना वेळेचं भान नाही असा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

शिवाय मराठी माणसानं यावर हसावं? ‘परवा गेले होते’ आणि ‘परवा जाणार आहे’ यांत परवा एकच, दिवस चार दिवसांच्या अंतरावर. स्पॅनिशमध्ये गेलेला परवा ‘आंतेआयेर’ आणि येणारा परवा ‘पासादो मान्याना’, दोघांची सरळ वाटणी झालेली. इंग्रजीत त्यासाठी चार-चार शब्दांची आगगाडी जोडावी लागते. येणाऱ्या परवाला इंग्रजीत पूर्वी ‘ओव्हरमॉरो’ असा सुटसुटीत शब्द होता, तो त्यांनी वापरातून घालवला. दुकानदाराचा ‘मान्याना’ कधी कधी ‘आज नाही’ एवढ्याच अर्थाचा असतो, हे मात्र कबूल. आपल्या शिंप्याचा ‘उद्या’ही तसाच असतो.

दुसरा मुद्दा ‘तिएंपो’चा, म्हणजे वेळही तोच आणि हवाही तीच. शब्द खरंच एक आहे. लॅटिन ‘तेंपुस’पासून तो आला, आणि त्याच कुळातला ‘टेंपेस्ट’, म्हणजे वादळ, इंग्रजीनंही घरात घेतलाय. पण मजकूर लिहिणाऱ्यानं आरसा उलटा धरलाय. भोंगळ शब्द आहे तो इंग्रजीचा ‘टाइम’. किती वाजले, तर टाइम. तीन वेळा, तरी टाइम. मजेत गेलेला काळ, तोही टाइम, आणि कमी पडतो तोही टाइमच. स्पॅनिशमध्ये घड्याळातली वेळ म्हणजे ‘ओरा’, खेप म्हणजे ‘बेस’, थोडा वेळ म्हणजे ‘रातो’, आणि वाहणारा काळ म्हणजे ‘तिएंपो’. माझे विद्यार्थी ‘व्हॉट अवर इज इट’ असं विचारतात ते याच कारणानं. त्यांच्या डोक्यात चार खण आहेत आणि इंग्रजी त्यांना एकच पिशवी देते. आपणही वाजणं, वेळ, वेळा, खेप, काळ असं सगळं वेगळं ठेवतो, त्यामुळे हे दुखणं मला लगेच कळतं.

दिवसाच्या तुकड्यांचंही तसंच. मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतच्या वेळेला स्पॅनिशमध्ये ‘माद्रुगादा’ हा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या पहाटेपेक्षा जरा लांब. लवकर उठण्याला ‘माद्रुगार’ असं एकच क्रियापद. इंग्रजीत रात्रीचा एकसुद्धा ‘मॉर्निंग’मध्ये जमा होतो. बाहेर किर्र अंधार आणि म्हणे मॉर्निंग, असं एका विद्यार्थिनीनं वैतागून म्हटलं होतं. उलट बाजूला एक खरी अडचण आहे. ‘तार्दे’मध्ये दुपार आणि संध्याकाळ दोन्ही येतात आणि ‘बुएनास नोचेस’ भेटतानाही म्हणतात, निघतानाही. त्यामुळे संध्याकाळच्या तासाला लोक ‘गुड नाइट’ म्हणतच आत येतात. मी पहिल्यांदा गडबडले होते, वाटलं निघालेच.

आणि ती ‘तार्दे’ लांबण्यात भाषेइतकाच घड्याळाचा हात आहे. माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, पण 1940 पासून स्पेनचं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेनुसार, म्हणजे सूर्याच्या पुढे, चालतं. वायव्येकडच्या गालिसियात जून महिन्यात रात्री दहानंतरही सूर्य दिसतो. त्या उजेडात रात्र म्हणायचं तरी कशाला?

इथे एक गंमत सांगायलाच हवी. ‘सिएस्ता’ हा शब्द लॅटिनमधल्या सहाव्या तासावरून आला. दिवस उजाडल्यापासून सहावा तास म्हणजे ऐन दुपार, आणि तो जागेवरच आहे. इंग्रजीचा ‘नून’ आला नवव्या तासावरून, म्हणजे साधारण दुपारी तीन. पुढे घसरत घसरत तो बारावर येऊन बसला. घड्याळवाल्यांच्या भाषेत भरदुपारीच तीन तासांची चूक.

आता ‘आत्ता’, म्हणजे ‘आओरिता’. त्याबद्दल मजकुरातलं निरीक्षण बरोबर आहे. मेक्सिकोत त्याचा अर्थ ‘आत्ता लगेच’पासून ‘बघू’पर्यंत कुठेही जातो. पण इंग्रजीतला ‘सून’ जुन्या काळी ‘ताबडतोब’ असा होता, आता नुसता ‘लवकरच’ उरलाय. ‘आत्ता’ ढिला पडणं हा शब्दांचा सार्वत्रिक रोग आहे. पाच मिनिटांत पोचतो म्हणणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

आठ दिवसांच्या आठवड्यावर फार शाई खर्च करत नाही. ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या त्याच वारी. स्पॅनिश ‘ओचो दियास’ नेमका तोच, दोन्ही टोकांचे दिवस धरून. मजकूर मराठीत लिहिणाऱ्यानं ‘आठवडा’ हा शब्द टाइप करताना त्यातला आठ पाहिला नाही, याचंच मला नवल वाटलं.

राहिली डेडलाइन. मुदतीला स्पॅनिशमध्ये ‘प्लासो’ म्हणतात आणि शब्द फार जुना आहे. सिद या स्पॅनिश वीरावरच्या मध्ययुगीन काव्यात राजानं त्याला हद्दपारीसाठी नऊ दिवस दिलेत, आणि सहा दिवसांचा ‘प्लासो’ संपला, तीन उरले, अशी चक्क मोजणी येते. ‘डेडलाइन’चं वय त्यापुढे काहीच नाही. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, कैद्यांच्या छावणीत आखलेली रेघ ती. ओलांडली की गोळी. वेळेचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

मग माणसं अडखळतात कुठे? ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘अगो’ या तिघांत. ‘पाच वर्षांपासून राहतो’ला ते ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतात, आणि हे वाचून ज्यांना आपला ऑफिसातला ईमेल आठवला त्यांनी मान खाली घालावी. ‘एव्हेंच्युअली’ तर फसवाच, कारण स्पॅनिशमधला त्याचा जुळा भाऊ ‘कदाचित, प्रसंगी’ असं सांगतो. पण सगळ्यांत चिवट जोडी ‘बाय’ आणि ‘अंटिल’ची. ‘शुक्रवारपर्यंत थांबते’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पाठवते’ यांत आपलं ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतं, म्हणून ती जोडी आपल्याला छळते. मेक्सिकोत ‘आस्ता’, म्हणजे त्यांचा ‘पर्यंत’, वेगळाच गोंधळ घालतो: बँक ‘आस्ता’ नऊ उघडते म्हणजे नऊपर्यंत नाही, नऊलाच उघडते. तिथल्याच एका विद्यार्थिनीनं मला लिहिलं होतं, गृहपाठ ‘अंटिल फ्रायडे’ पाठवीन. म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहणार, की शुक्रवार उजाडल्याशिवाय नाहीच, असा विचार करत बसले. गुरुवारी दुपारी पूर्ण गृहपाठ आला.